बेसमेंटमध्ये पुराचं पाणी: उपसा, वीज, गाळ, क्रम कसा ठेवायचा?

रंकाळाकाठ

कोल्हापुरात नदीच्या बाजूला आमची सोसायटी आहे. पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याची पातळी इशाऱ्याच्या ३९ फुटांच्या खाली आली, रस्ताही मोकळा झाला, पण बेसमेंटमध्ये अजून साडेचार फूट पाणी आहे. बेसमेंट साधारण ४,००० चौरस फूट. तीन बाजूंना आरसीसी भिंत, मागच्या बाजूला आधीच्या वाड्याची जुनी दगडी भिंत तशीच ठेवलेली. आत कॉमन लाइटचं पॅनेल, पाण्याचे दोन पंप, २०,००० लिटरची जमिनीखालची टाकी, ड्रेनेजचा सम्प (सांडपाणी साचायचा खड्डा) आणि लिफ्टचा खड्डा आहे. वाहनांत बऱ्याच दुचाकी, तीन मोटारी आणि एक इलेक्ट्रिक स्कूटर अडकली आहे. कोपऱ्यात एका व्यापाऱ्याचं गोदाम असून त्यात गुळाचे रवे (ढेपा) आणि धान्याची पोती आहेत.

एकाने डिझेल पंप आणलाय. त्याचं म्हणणं असं की पंप रॅम्पवर खाली उतरवू आणि रात्रीत सगळं कोरडं करून देऊ. वॉचमन कमरेएवढ्या पाण्यातून जाऊन सामान काढायच्या तयारीत आहे. सफाईचा ठेकेदार आत्ताच ब्लीचिंग पावडर टाका म्हणतो. पावडरीनंतर फरशीला ॲसिड मारणार म्हणे. सोसायटीत रोज भांडणं चालली आहेत. जाणकारांनी नीट क्रम सांगावा.

वीजतंत्री

वॉचमनला आधी थांबवा. वीज पूर्ण तुटल्याची खात्री होईपर्यंत त्या पाण्यात पाऊलही नको. जुलै २०२४ मध्ये पुण्यात डेक्कनजवळच्या पुलाची वाडीत पुराच्या पाण्यात विजेचा धक्का बसून तिघांचा जीव गेला. बेसमेंटमधलं पाणी तर चारही बाजूंनी कोंडलेलं असतं.

मेन स्विच पाडला म्हणजे वीज गेली, असं बरेच जण धरून चालतात. मेन स्विचच्या आधीची सर्व्हिस केबल जिवंतच असते आणि बेसमेंटमधून जाणारा तुकडा बहुधा तोच असतो. महावितरणला १९१२ वर किंवा शाखा कार्यालयात कळवा आणि लाइनमनकडून खांबावरून किंवा फीडर पिलरवरूनच (रस्त्याकडेची वीज वाटपाची पेटी) जोडणी सोडवून घ्या. पाण्यात उभं राहून, ओल्या हाताने किंवा काठीने स्विच पाडायला जाऊ नका. निऑन टेस्टर लागला नाही म्हणजे करंट नाही, हेही ओल्या जागेत धरू नका.

मग बाकीचे स्रोत. सोसायटीत जनरेटर असेल आणि त्याला ऑटो चेंजओव्हर असेल तर मेन गेल्यावर तो आपोआप सुरू होतो. लाइनमन वीज तोडतो आणि अर्ध्या मिनिटात जनरेटर तीच वीज पॅनेलवर आणून सोडतो. म्हणून जनरेटर 'मॅन्युअल'वर टाका आणि त्याच्या बॅटरीची तार काढा. छतावर सोलर असेल तर दिवसा पॅनेलकडून येणाऱ्या डीसी तारा जिवंत असतात, तिथला आयसोलेटर वरूनच बंद करा. लिफ्ट वीज गेल्यावर मजल्यावर आणून सोडणारी बॅटरीही विसरू नका. लिफ्टची केबिन सगळ्यात वरच्या मजल्यावर नेऊन ठेवलेली असावी. नसेल तर आता हलवू नका, लिफ्टचा तंत्रज्ञ येऊ दे.

पाणी गेल्यावरचं. बुडालेले एमसीबी, आरसीसीबी (गळती होताच वीज तोडणारा स्विच), काँटॅक्टर, चेंजओव्हर आणि स्टार्टर सरळ भंगारात. वाळवून बसवले की चालू दिसतात, पण आत ट्रिप होणाऱ्या स्प्रिंगपाशी बारीक गाळ बसलेला असतो. शॉर्ट झाला की एमसीबी पडत नाही आणि आग लागते. इथे पैसे वाचवू नका. पाइपातल्या पीव्हीसी तारा सहसा वाचतात, पण पाइपात पाणी उभं असतं. पाइपात हवा मारून ते काढा आणि ५०० व्होल्टच्या मेगरने (तारेचं इन्सुलेशन मोजणारं यंत्र) प्रत्येक सर्किट वेगळं तपासा. फेज ते अर्थ आणि न्यूट्रल ते अर्थ किमान १ मेगओहम आलाच पाहिजे. पाव किंवा अर्धा मेगओहम येत असेल तर आठवडाभर वाळू द्या, पुन्हा मोजा, तरीही नाही आला तर तार बदला. आर्मर्ड केबलची टोकं फूटभर कापून नव्याने जोडा, कारण पाणी टोकातूनच आत शिरतं.

पंपाच्या मोटारी रिवाइंडिंगवाल्याकडे द्या. उघडून स्वच्छ पाण्याने धुणं, भट्टीत ८०-९० अंशांवर वाळवणं, मेगर, वॉर्निश आणि नवीन बेअरिंग, एवढं झालं की मोटर बहुतेकदा उभी राहते. ब्लो लॅम्पने वाळवू देऊ नका, वाइंडिंगचं इन्सुलेशन जळतं.

कामासाठी तात्पुरती वीज लागेल. ती वरच्या मजल्यावरून आणा, ३० मिलिअँपिअरच्या आरसीसीबीमधूनच. केबल भिंतीला वरून टांगलेली हवी, मध्ये कुठेही जमिनीवर जोड नको. विजेवरचा पाणबुडी पंप वापरणार असाल तर तो चालू असताना पाण्यात माणूस नको. महावितरण पुन्हा जोडणी देताना परवानाधारक ठेकेदाराचा चाचणी अहवाल मागेल, तो आधीच तयार ठेवा.

काळी_माती

विजेचं आटोपलं की उपसा. इथे घाई सगळ्यात महाग पडते, विशेषतः तुमच्या त्या दगडी भिंतीमुळे.

बेसमेंट भरलेलं असतं तेव्हा आतलं पाणी भिंतीला आतून रेटून धरतं आणि बाहेरची ओली माती बाहेरून रेटते, त्यामुळे भिंत तोलात असते. रस्ता कोरडा दिसतो म्हणून जमीन कोरडी झाली असं नाही. कोल्हापूरच्या काळ्या मातीतून पाणी फार हळू निघतं, शिवाय ती फुगलेलीही असते. एक मीटर उंचीचं पाणी तळाशी चौरस मीटरला एक टन दाब देतं. आतलं पाणी एकदम काढलं की हा दाब एकतर्फी भिंतीवर येतो. जमिनीचंही तसंच. सहा इंच जाडीच्या काँक्रीटचं वजन चौरस मीटरला पावणेचारशे किलोच्या आसपास असतं. खालून मीटरभर पाण्याचा रेटा आला तर तो एक टन. मग फरशी मध्ये फुगते आणि तडे जातात. आरसीसी भिंती आणि राफ्ट (तळाचा सलग काँक्रीटचा पाया) या हिशेबाने डिझाइन केलेले असतील तर तरतील. मातीच्या गाऱ्यातली दगडी भिंत तरेलच असं नाही, कारण गारा पुराच्या पाण्यात मऊ झालेला असतो.

पद्धत अशी. वरून हाताला येईल अशा खांबावर पाण्याच्या आत्ताच्या पातळीला रंगाने रेघ मारा आणि वेळ लिहा. एक फूट पाणी काढा आणि थांबा. तिथे दुसरी रेघ मारून रात्र जाऊ द्या. सकाळी पाणी रेघेच्या वर दोन-तीन इंच चढलेलं दिसलं तर बाहेरची पातळी अजून वरच आहे. उपसा थांबवा, एक दिवस जाऊ द्या, पुन्हा पाहा. रेघेवरच राहिलं असेल तर आणखी एक-दोन फूट काढा आणि पुन्हा रात्रभर थांबा. दगडी भिंतीला ओळंबा लावून ठेवा आणि प्रत्येक टप्प्याला भिंतीपासूनचं अंतर मोजा. ते बदलायला लागलं, आडवा तडा दिसला, पोट सुटल्यासारखं वाटलं किंवा सांध्यातून गढूळ पाणी येऊ लागलं, तर लगेच बाहेर या. गढूळ पाणी म्हणजे भिंतीमागची माती वाहून येते आहे. स्ट्रक्चरल इंजिनिअर बघून टेकू लावेपर्यंत कोणी आत जाऊ नये.

आता आकडे. ४,००० चौरस फूट गुणिले साडेचार फूट म्हणजे १८,००० घनफूट, साधारण पाच लाख लिटर. तीन इंची इंजिन पंप कागदावर मिनिटाला हजार लिटर दाखवतो. जाळीत कचरा अडकत असताना सहाशे-सातशे धरा. म्हणजे फूटभर पाणी काढायला तीन तास. सगळं काढायला सलग चालवला तर १२-१४ तास लागतील, पण टप्प्यांनी काढताना तीन-चार दिवस धरून चाला. फूटव्हॉल्व्ह (ओढणाऱ्या पाइपाच्या टोकाची झडप) वेताच्या किंवा प्लास्टिकच्या टोपलीत ठेवा, नाहीतर पिशव्या आणि पोत्यांचे धागे इंपेलरला गुंडाळतात. सोडलेलं पाणी कुठं जातंय तेही पाहा. शेजारच्या चेंबरमध्ये सोडलं आणि ती लाइन तुंबलेली असेल तर तेच पाणी ड्रेनेजमधून तुमच्याच सम्पमध्ये परत येतं.

पंप रॅम्पवर उतरवायचा नाही. इंजिन रॅम्पच्या वर, उघड्यावर आणि तोंडापासून किमान वीस फूट लांब, धुराचं नळकांडं बेसमेंटच्या विरुद्ध दिशेला. कार्बन मोनॉक्साइडला वास नाही, रंग नाही. माणसाला आधी डोकं जड वाटतं आणि मग पाय चालत नाहीत. उंचीचा प्रश्न नाही, सहा मीटरपर्यंत पंप आरामात ओढतो. पाइप लांब लागेल इतकंच.

एक महत्त्वाचं राहिलं. जमिनीखालची टाकी आत्ता रिकामी करू नका. जमीन भिजलेली असताना रिकामी टाकी खालून उचलली जाते आणि सांध्यांना तडे जातात. टाकीचा नंबर शेवटचा.

रंकाळाकाठ

दोघांचेही आभार. जोडणी खांबावरून सोडवून घेतली. जनरेटर खरंच ऑटोवर होता. पहिला फूट काढून रेघ मारली आहे. आता गोदामाच्या बाजूने आंबूस वास येतोय आणि पाण्यावर तेलाचा तवंग आहे. गोदामवाले म्हणतात, गूळ वाळवून निदान जनावरांना तरी घालू. ठेकेदाराच्या ब्लीचिंग-ॲसिडचं काय करू?

साथरोग

तो आंबूस वास गांभीर्याने घ्या. गूळ विरघळलाय आणि पाणी आंबायला लागलंय. आंबताना कार्बन डायऑक्साइड निघतो, तो हवेपेक्षा जड असल्यामुळे खालीच साचतो. ड्रेनेजच्या सम्पमधून हायड्रोजन सल्फाइड येतो, तोही जड. पेट्रोलची वाफही जडच. म्हणजे तुमच्या बेसमेंटमध्ये गुडघा ते कमरेच्या उंचीवर तीन वायूंचा थर असू शकतो आणि वाकून काम करणाऱ्याचं डोकं नेमकं त्याच थरात जातं. हायड्रोजन सल्फाइडचा सडक्या अंड्यासारखा वास येतो, पण प्रमाण वाढलं की नाक बधिर होतं आणि वास यायचा बंद होतो. वास गेला म्हणजे हवा सुधारली असं समजून माणसं आत जातात आणि तिथेच पडतात.

म्हणून उतरण्याआधी ब्लोअर. मोटर बाहेर ठेवा, कापडी डक्टचं तोंड पाण्याच्या वर हातभर येईल इतकं खाली सोडा आणि ताजी हवा आत ढकला. दुसरीकडचं दार किंवा झरोका उघडा हवा. दोन-तीन तास चालवा आणि माणसं आत असेपर्यंत चालूच ठेवा. मेणबत्ती पेटवून हवा तपासायची जुनी रीत इथे अजिबात नको, पाण्यावर पेट्रोलचा तवंग आहे. चार वायू मोजणारं मीटर अग्निशमन दलाकडे किंवा कारखान्यांना सुरक्षेचं सामान पुरवणाऱ्यांकडे मिळतं. ऑक्सिजन १९.५ टक्क्यांच्या खाली दाखवला तर कोणीही उतरू नये. आत दोघं असतील तर बाहेर एक जण फक्त नजर ठेवायला हवा. आत कोणी कोसळला तर बाहेरच्याने मागे धावत उतरायचं नाही. १०१ वर फोन करायचा आणि ब्लोअर वाढवायचा. एकाला काढायला उतरलेला दुसरा आणि दुसऱ्याला काढायला उतरलेला तिसरा जातो, अशाच बातम्या दरवर्षी येतात. सम्प आणि ड्रेनेज चेंबरमध्ये तर माणूस उतरवायचाच नाही. हाताने मैला साफ करण्यावर बंदी घालणाऱ्या २०१३ च्या कायद्याने संरक्षक साधनांशिवाय असं उतरवणं गुन्हा आहे. ते काम महापालिकेच्या सक्शन गाडीचं.

गुळाचं आणि धान्याचं: जनावरांनाही नाही. त्यात मैलापाणी, डिझेल आणि उंदरांची लघवी मिसळलेली आहे. ओल्या धान्यावर जी बुरशी येते तिच्या विषाने गाई-म्हशी आजारी पडतात आणि ते विष दुधातही उतरतं. पंचनामा करून घ्या, रव्यांची आणि पोत्यांची संख्या व फोटो नोंदवा आणि सगळं पुरायला पाठवा. सीलबंद पत्र्याचे डबे फुगलेले, गंजलेले किंवा चेपलेले नसतील तर धुऊन, निर्जंतुक करून ठेवता येतात. झाकण फिरवून उघडायच्या बरण्या नाही, आट्यांत गाळ शिरतो.

आता ठेकेदार. ब्लीचिंग पावडर आणि ॲसिड एकत्र आले की क्लोरीन वायू सुटतो. बंद बेसमेंटमध्ये तो फुफ्फुसं जाळतो. सकाळी पावडर आणि दुपारी ॲसिड, तरी फरशीच्या खाचांत पावडर उरलेलीच असते. टॉयलेट क्लीनरमध्येही ॲसिडच असतं हे कामगारांना सांगा. या कामात ॲसिडची गरजच नाही, ते जागेवर येऊच देऊ नका.

चिखलावर पावडर भुरभुरणं म्हणजे पावडर वाया. क्लोरीन आधी चिखलातल्या सेंद्रिय घाणीवर खर्च होतो, तुमच्याकडे तर गूळ आहे, जंतूंपर्यंत काही उरतच नाही. क्रम असा: गाळ उचलायचा, साध्या पाण्याने धुवायचं, साबणाच्या पाण्याने ब्रश मारायचा, पुन्हा धुवायचं आणि मग ब्लीचिंग. ३० टक्क्यांची पावडर १ किलो २०० लिटर पाण्यात. बादलीत आधी लापशीसारखी कालवून मग पिंपात टाका. चोथा खाली बसू द्या आणि वरची निवळीच वापरा. पृष्ठभाग दहा मिनिटं ओला राहिला पाहिजे. लोखंडी रॅक आणि ग्रिल नंतर साध्या पाण्याने धुवा, नाहीतर आठवड्यात गंज धरतो. पोतं उघडून महिने झाले असतील तर ते वापरू नका, त्यातला क्लोरीन उडालेला असतो. द्रावण रोज ताजं करा.

गाळाचा अंदाज घ्या. चार हजार चौरस फुटांवर दोन इंच गाळ म्हणजे साडेसहा ब्रास, वजनात तीस टनांच्या पुढे. ट्रॅक्टरची ट्रॉली साधारण एक ब्रास घेते, मग ट्रॉल्यांचा हिशेब तसा करा. गाळ ओला असतानाच उचला. वाळला की सिमेंटसारखा बसतो, खरवडताना त्याची धूळ नाकातोंडात जाते. उपसा टप्प्यांनी चालू असताना शेवटचे पाच-सहा इंच पाणी राहिलं की आत माणसं लावा, रबरी वायपरने गाळ पाण्यातच ढवळून पंपाकडे लोटा, अर्धं काम पाणीच करतं. त्यासाठी पंप गाळ ओढणारा हवा, साधा नको. गटारात लोटू नका, पुढच्या पावसात तेच तुंबून पाणी पुन्हा तुमच्या रॅम्पवर येईल. तेलकट तवंगावर लाकडाचा भुसा टाकून तो वेगळा उचला.

अंगावर गुडघ्यापर्यंत गमबूट, आत मोजे, कोपरापर्यंत रबरी हातमोजे. ब्लीचिंग मारताना चष्मा. कोरडं खरवडताना एन-९५. पायाला चीर असेल त्याने आत येऊ नये, बँडेज बांधूनही नाही. लेप्टोस्पायरोसिसचे जंतू उंदरांच्या आणि जनावरांच्या लघवीतून पाण्यात येतात आणि अशाच चिरेतून शरीरात जातात. २६ जुलै २००५ च्या पुरानंतर मुंबईत लेप्टोच्या रुग्णांची रीघ लागली होती. पुराच्या पाण्यात काम केलेल्या प्रत्येकाने शक्यतो तीन दिवसांच्या आत डॉक्टरांना भेटून प्रतिबंधक गोळीबद्दल विचारावं. डॉक्सिसायक्लिन सगळ्यांना चालत नाही, गरोदर स्त्रिया आणि लहान मुलांसाठी वेगळं औषध असतं, म्हणून दुकानातून परस्पर आणून वाटू नका. पुढे महिनाभर ताप, पोटऱ्या दुखणं किंवा लाल डोळे दिसले तर 'पुराच्या पाण्यात काम केलंय' हे डॉक्टरांना आपण होऊन सांगा. जखम झाली तर धनुर्वाताचं इंजेक्शन.

आणि साप. पूर ओसरताना ते रॅक आणि पोत्यांच्या मागे चढून बसतात. आधी काठीने सामान हलवा, मग हात घाला. दिसला तर सर्पमित्राला बोलवा.

स्पॅनर

वाहनांचं थोडक्यात. कुणीही किल्ली फिरवायची नाही, 'लागते का बघू' म्हणूनही नाही. सिलिंडरमध्ये पाणी असेल तर पिस्टन ते दाबू शकत नाही आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. हजारांत भागणारं काम मग लाखात जातं. शिवाय पाणी शिरल्यावर सुरू करून झालेलं नुकसान साध्या पॉलिसीत बसत नाही, त्यासाठी इंजिन प्रोटेक्टचं ॲड-ऑन असावं लागतं. फक्त थर्ड पार्टी विमा असेल तर पुराचं काहीच मिळत नाही. पाणी उतरायच्या आत प्रत्येक गाडीचा नंबर प्लेट आणि पाण्याची रेघ एकत्र दिसेल असा फोटो घ्या, विमा कंपनीला लगेच कळवा आणि सर्व्हेअर पाहीपर्यंत गाडी धुऊ नका.

मोटारी हँडब्रेक सोडून, ढकलून किंवा विंचने बाहेर काढा. ऑटोमॅटिक गाडी असेल तर चाकं उचलूनच. बॅटरीची निगेटिव्ह तार पेट्रोलची वाफ निघून गेल्यावर, उघड्यावर काढा, कारण ठिणगी उडते. दुचाकीचं इंजिन ऑइल काढून बघा. दुधाळ चहासारखं असेल तर पाणी गेलंय. प्लग काढून, हाताने इंजिन फिरवून पाणी उडवा, प्लगच्या भोकातून चमचाभर ऑइल सोडा आणि टाकीतलं पेट्रोल पूर्ण काढा, पाणी तळाला बसलेलं असतं. नवीन ऑइल घालून दहा मिनिटं चालवा आणि पुन्हा बदला. एकदा बदलून भागत नाही. स्कूटरच्या बेल्टचं कव्हर उघडून वाळवा, ब्रेक शू काढून साफ करा.

इलेक्ट्रिक स्कूटर सगळ्यांपेक्षा वेगळी. बुडालेली लिथियम बॅटरी बाहेरून ठीक दिसते आणि काही दिवसांनी, कधी आठवड्यांनीही, पेटते. चार्जिंगला लावू नका, बॅटरी काढायचा प्रयत्नही नको. रबरी हातमोजे घालून स्कूटर ढकलत उघड्यावर न्या, इमारतीपासून आणि बाकीच्या गाड्यांपासून पन्नास फूट लांब ठेवा आणि सर्व्हिस सेंटरला कळवा. फसफस आवाज, पांढरा धूर किंवा गोडसर उग्र वास आला तर जवळ जाऊ नका, १०१. लिफ्टने वर घरात तर नाहीच नाही.

रंकाळाकाठ

दगडी भिंत हलली नाही, पाणी तळाला आलंय, गाळ निम्मा निघाला. स्कूटर समोरच्या मोकळ्या प्लॉटवर ठेवली. आता टाकी कधी उघडायची आणि भिंतीला प्लास्टर-रंग कधी करायचा? रंगारी पुढच्याच आठवड्यात येतो म्हणतोय.

साथरोग

सम्पमध्ये पाणी चढायचं थांबलं आणि सलग दोन-तीन दिवस रेघ हलली नाही की टाकी उपसा. तोपर्यंत पिण्यासाठी टँकरचं पाणी, तेही उकळून. खालचा पंप लावून गच्चीवरच्या टाकीत चुकूनही पाणी चढवू नका, नाहीतर ती टाकी आणि सगळ्या फ्लॅटचे नळही धुवावे लागतील.

झाकणं उघडून दिवसभर वारा खेळू द्या. माणूस उतरेल तेव्हा कमरेला दोर आणि दोराचं टोक बाहेर दुसऱ्याच्या हातात. गाळ काढा, भिंती ब्रशने घासा, धुतलेलं पाणी पूर्ण काढा आणि तडे गेलेत का पाहा. मग टाकी भरा आणि लिटरला ५० मिलिग्रॅम क्लोरीनचा हिशेब धरा. २०,००० लिटरला १ किलो क्लोरीन, म्हणजे ३० टक्क्यांची पावडर साधारण सव्वातीन किलो. निवळी करून टाका, चोथा टाकीत नको. चोवीस तास ठेवा आणि ते पाणी सोडून द्या. बागेत किंवा ओढ्यात सोडू नका, झाडं आणि मासे मरतात. पुन्हा भरून ओटी चाचणी (पाण्यातला क्लोरीन रंगावरून पाहायची) करा. नळाच्या पाण्यात अर्धा पीपीएम (लिटरला अर्धा मिलिग्रॅम) क्लोरीन दिसेपर्यंत ते प्यायचं नाही. झाकणाची कड जमिनीपासून फूटभर उंच बांधून घ्या, आत्ता ती फरशीच्या पातळीला असणार.

काळी_माती

रंगाऱ्याला दिवाळीनंतर बोलवा. भर पावसाळ्यात भिंत आठवड्यात वाळत नाही. बाहेर हवेत नव्वद टक्के आर्द्रता असताना दारं उघडून पंखे लावले तर ओलीच हवा आत फिरते. कोरड्या उन्हाचे चार तास मिळतील तेव्हा सगळं उघडा. पाऊस आला की बंद करा आणि डीह्युमिडिफायर (हवेतली ओल ओढणारं यंत्र) भाड्याने आणून लावा, त्याचं पाणी काढायची नळी सरळ बाहेर सोडा. दार उघडं ठेवून डीह्युमिडिफायर चालवला तर तो अख्ख्या कोल्हापूरची हवा सुकवत बसतो. हायग्रोमीटर (आर्द्रता मोजणारं यंत्र) साठ टक्क्यांच्या खाली टिकायला लागला की बुरशीची भीती कमी होते.

पुट्टी आणि जिप्सम असेल तर पाण्याच्या रेघेच्या वर फूटभर खरवडून काढा, ते ओल धरून ठेवतात. सिमेंट प्लास्टर ठोकून पाहा. पोकळ वाजेल तेवढंच काढा, चांगलं उगाच फोडू नका. दगडी भिंतीचे सांधे धुतले गेलेत तिथे चुन्याचा गारा भरा. सिमेंट भरलं तर ओल आत कोंडते आणि दगडच सुटतो. प्लायवूडच्या मांडण्या फुगल्या असतील तर फेका, आतली बुरशी ब्लीचिंगने जात नाही.

वाळली का हे कळायला साधी परीक्षा आहे: दीड फूट बाय दीड फूट जाड प्लास्टिकचा तुकडा भिंतीला चारही कडांनी टेपने घट्ट चिकटवा. चोवीस तासांनी काढा. आतल्या बाजूला दंव किंवा भिंतीवर गडद डाग दिसला तर थांबा, पंधरवड्याने पुन्हा लावा. पांढरा लोणा आला की तो कोरड्या ब्रशने झाडा, पाण्याने धुतला तर परत भिंतीत जातो. नंतर सुरुवातीचं वर्ष चुनाच मारा. ऑइल पेंट किंवा आतून वॉटरप्रूफ कोट मारला तर पापुद्रे निघतात.

वीजतंत्री

वायरिंग नव्याने होतंच आहे तर पॅनेल पुन्हा बेसमेंटमध्ये नको. तळमजल्यावर, २०१९ आणि २०२१ च्या पाण्याच्या खुणांपैकी जी वर असेल तिच्याही वर दोन फूट घ्या. बेसमेंटमध्ये फक्त दिवे आणि सम्प पंपाची केबल उतरवा, त्यांना स्वतंत्र ३० मिलिअँपिअर आरसीसीबी द्या, पंपाचा स्टार्टरही वरच. ड्रेनेजच्या लाइनला नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह (पाणी उलट येऊ न देणारी झडप) बसवा आणि दर मे महिन्यात उघडून साफ करा, झडपेत एक कापड अडकलं तरी तो बंद होत नाही.